‘हे पद वेगळं आहे’

एअर इंडियाच्या सेवा नियमावलीत एकेकाळी ४६ क्रमांकाचा एक नियम होता. हवाई सुंदरीची नोकरी कधी संपणार, हे त्यात लिहिलेलं होतं. वयाची पस्तिशी गाठली की. किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर. किंवा पहिल्यांदा दिवस गेले तर. यांपैकी जे आधी घडेल ते.

त्याच विमानात, त्याच प्रवाशांची ने-आण करताना एक पुरुष कर्मचारीही असायचा. त्याच्या पदाचं नाव ‘असिस्टंट फ्लाइट पर्सर’. तो ५८ व्या वर्षी निवृत्त व्हायचा. त्याचं लग्न कधी झालं, त्याला मुलं किती, याच्याशी नियमावलीला काही देणंघेणं नव्हतं.

ही कुठल्या आडगावच्या खासगी मालकाची गोष्ट नाही. ही सरकारी कंपनी होती आणि संविधान लागू होऊन तीस वर्षं झाली होती. १९८१ मध्ये हा नियम सर्वोच्च न्यायालयापुढं आला. त्यातला काही भाग रद्द झाला, काही भाग टिकला. मी वकील नाही, पण जुनी निकालपत्रं वाचायची मला खोड आहे. हे निकालपत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली. भेदभाव करणारा मालक कोर्टात कधीच ‘बायका कमी दर्जाच्या आहेत’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘साहेब, हे पद वेगळं आहे.’

मुंबईच्या काही वकिलांनी आणि त्यांच्याकडं आलेल्या नोकरदार बायका-पुरुषांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या एका वाक्याशी भांडण्यात घालवली. कधी ते जिंकले, बऱ्याचदा हरले. हा लेख त्या भांडणाबद्दल आहे.

जुहूची धावपट्टी

जुहू म्हटलं की चौपाटी आठवते, इस्कॉन आठवतं, नट-नट्यांचे बंगले आठवतात. धावपट्टी फार कुणाला आठवत नाही. पण मुंबईचा पहिला विमानतळ तो. १९२८ साली सुरू झालेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन, छोटं पुस मॉथ विमान स्वतः चालवत, अहमदाबादमार्गे इथं उतरले. भारतातल्या नागरी विमानसेवेचा इतिहास त्या दिवसापासून मोजतात.

टाटांच्या त्या टपालसेवेची पुढं टाटा एअरलाइन्स झाली. १९४६ मध्ये ती एअर इंडिया झाली. मोठी विमानं सांताक्रूझला गेली आणि जुहूकडं फ्लाइंग क्लब आणि हेलिकॉप्टरं उरली. १९५३ मध्ये सरकारनं कंपनी ताब्यात घेतली.

हे शेवटचं वाक्य आपल्या गोष्टीसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. संविधानाचं कलम १४ कायद्यापुढं समानता देतं, कलम १५ लिंग, जात, धर्म यांवरून भेदभावाला मनाई करतं आणि कलम १६ सरकारी नोकरीत समान संधी देतं. नोकरीच्या बाबतीत ही कलमं प्रामुख्यानं सरकारला बांधतात. मालक सरकारी असेल, तर कर्मचारी थेट उच्च न्यायालयात रिट याचिका करू शकतो. मालक खासगी असेल, तर तो रस्ता जवळपास बंद. १९५३ नंतर एअर इंडियाच्या हवाई सुंदरींसाठी हा रस्ता खुला झाला. पुढं त्याच रस्त्यानं त्या कोर्टात गेल्या.

‘हवाई सुंदरी’ हा मराठी शब्दही जरा थांबून बघा. पदाच्या नावातच दिसणं आलं. तिच्यासोबत काम करणाऱ्याला कुणी ‘हवाई सुंदर’ म्हटलं नाही, तो पर्सरच राहिला. १९६५ मध्ये न्यायमूर्ती खोसला यांच्या औद्योगिक न्यायाधिकरणापुढं हवाई सुंदरींचं निवृत्तीचं वय वाढवण्याचा प्रश्न आला होता. तेव्हा हे वय तीस होतं! व्यवस्थापनाचं म्हणणं असं, की तरुण आणि आकर्षक मुलगी अवघड प्रवाशांना जास्त चांगलं सांभाळते. आधी असं नाव द्यायचं आणि मग त्या नावाला शोभेल असं वय ठरवायचं, असा तो प्रकार होता.

१९८१ चा निकाल

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी हवाई सुंदरींनी नियम ४६ ला आव्हान दिलं. मुंबई उच्च न्यायालयातलं प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडं वर्ग झालं. त्यांची बाजू मांडायला मुंबईचे ज्येष्ठ वकील अतुल सेटलवाड उभे राहिले. समोर एअर इंडियाच्या वतीनं फली नरिमन. म्हणजे दोन्हीकडं त्या काळातली नामांकित वकिली.

सेटलवाडांचा मुद्दा साधा होता. हवाई सुंदरी आणि असिस्टंट फ्लाइट पर्सर एकाच विमानात, एकाच केबिनमध्ये, एकमेकांत मिसळलेलं काम करतात. एक बाई आहे आणि एक पुरुष, म्हणून एकाला पस्तिशीत घरी आणि दुसऱ्याला ५८ पर्यंत नोकरी, हा लिंगभेद आहे.

न्यायालयानं आधी बघितलं की ही दोन पदं एकाच वर्गात मोडतात का. त्यासाठी एक यादी तयार झाली. भरतीची पद्धत वेगळी. शैक्षणिक पात्रता वेगळी. हवाई सुंदरी अविवाहित असली पाहिजे, पर्सरला तशी अट नाही. बढतीच्या पायऱ्या वेगळ्या. निवृत्तीचे लाभ वेगळे. एवढं सगळं वेगळं आहे, तेव्हा हे दोन वेगळे वर्ग आहेत, आणि वेगळ्या वर्गांना वेगळी वागणूक दिली तर कलम १४ मोडत नाही.

ही यादी परत एकदा वाचा. त्यातली प्रत्येक गोष्ट मालकानंच ठरवलेली आहे. भरतीचे नियम त्याचे, बढतीची शिडी त्याची, अविवाहित असण्याची अट त्याची. वागणूक वेगळी का, तर वर्ग वेगळा म्हणून. वर्ग वेगळा का, तर वागणूक वेगळी म्हणून. तक्रार ज्या गोष्टींबद्दल होती, त्याच गोष्टी बचावाचा पुरावा झाल्या.

सरकारनंही हातभार लावला होता. स्त्री-पुरुषांना समान कामाला समान मोबदला देणारा कायदा १९७६ मध्ये आला. त्यात सरकारला एक अधिकार होता. पगारातला फरक लिंगाखेरीज दुसऱ्या कारणामुळं आहे, असं सरकार जाहीर करू शकत होतं. १९७९ मध्ये सरकारनं हवाई सुंदरी आणि पर्सर यांच्याबाबत तसं जाहीर करून टाकलं. कंपनीही सरकारची, आणि कंपनी भेदभाव करत नाही असं प्रमाणपत्र देणारंही सरकारच.

मग कलम १५ चं काय? त्यात एक छोटा शब्द आहे. राज्य कोणत्याही नागरिकाला ‘केवळ’ धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणांवरून भेदभावाची वागणूक देणार नाही. १९५१ पासूनच काही उच्च न्यायालयांनी या ‘केवळ’चा अर्थ असा लावला होता, की लिंगासोबत दुसरं एखादं कारण असेल तर हे कलम लागू होत नाही. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच म्हटलं. बाई आहे म्हणून काढलं तर चूक. बाई आहे आणि तिनं लग्न केलं म्हणून काढलं तर ते ‘केवळ’ लिंगावरून नाही.

अमेरिकेत याच सुमारास नेमकी उलटी दिशा पकडली गेली होती. तिथं १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं खासगी नोकरीतलाही भेदभाव बेकायदा ठरवला होता. फ्लोरिडाच्या आयडा फिलिप्स यांना एका कंपनीनं नोकरी नाकारली, कारण त्यांना शाळेत न जाणारं लहान मूल होतं. तशीच लहान मुलं असलेल्या पुरुषांना मात्र कंपनी घेत होती. कंपनीचं म्हणणं, आम्ही बायकांना नाकारत नाही, लहान मुलांच्या आयांना नाकारतो. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपीच्या लीगल डिफेन्स फंडाच्या वकिलांनी हे प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९७१ मध्ये न्यायालयानं सांगितलं की आईला एक नियम आणि बापाला दुसरा, असं चालणार नाही.

आपल्याकडं २८ ऑगस्ट १९८१ चा निकाल असा आला. पहिल्या गरोदरपणाला नोकरी संपवणारा भाग रद्द. न्यायमूर्ती फजल अली यांनी तो भारतीय स्त्रीत्वाचा अपमान असल्याचं लिहिलं. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर सोडणारा भागही रद्द, कारण त्या मर्जीला कसलाच लगाम नव्हता. पण पहिली चार वर्षं लग्न न करण्याची अट कायम राहिली. १९ व्या वर्षी नोकरी लागली तर २३ व्या वर्षी लग्न करता येतं, तोवर मुलीला समज येते, कुटुंब नियोजनालाही मदत होते, असं न्यायालयाला वाटलं. तिसऱ्या गरोदरपणाला नोकरी संपवली तर लोकसंख्येच्या दृष्टीनं ते वाजवी ठरेल, असंही सुचवलं.

गरोदर राहिल्यावर नोकरी जाणार नाही, हे मोठंच यश होतं, ते कमी लेखायचं कारण नाही. पण ‘हे पद वेगळं आहे’ हे वाक्य त्या दिवशी शाबूत राहिलं, उलट त्याच्यावर सर्वोच्च न्यायालयाचा शिक्का बसला.

वाक्य जुनंच आहे

मुंबईनं हे वाक्य आधीही ऐकलं होतं, दुसऱ्या भाषेत. गिरण्यांच्या विणाई खात्यात पगार चांगला मिळायचा. तिथं अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण असं दिलं जायचं, की धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडानं ओढून घ्यावा लागतो, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगार वापरणार नाही. ‘हे काम वेगळं आहे’ म्हणायला एक धागा पुरला.

१९२८ च्या गिरणी संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगार पुढाऱ्यांपुढं हा प्रश्न मांडला: तुमच्या मागण्यांच्या यादीत विणाई खातं सगळ्यांना खुलं करण्याची मागणी का नाही? ते तेव्हा मुंबईत बॅरिस्टरी करत होते आणि मुंबई विधिमंडळाचे सदस्य होते. त्याच वर्षी गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची भरपगारी रजा देणाऱ्या विधेयकाच्या बाजूनंही ते बोलले. बाईच्या श्रमाचा फायदा मालकाला मिळतो, तर या रजेच्या खर्चाचा भार मालकानंही उचलावा, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला.

म्हणजे गिरणीतल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळावी हे मुंबईनं १९२९ मध्ये मान्य केलं, आणि विमानातल्या बाईला बाळंतपणासाठी नोकरी गमवावी लागू नये हे मान्य व्हायला १९८१ उजाडलं.

‘लेडी’ स्टेनोग्राफर

पदाच्या नावाची ही युक्ती पहिल्यांदा ठामपणे मोडली ती फोर्टातल्या एका जहाज कंपनीच्या ऑफिसात. मॅकिनन मॅकेंझी ही जुनी कंपनी. ऑड्री डिकोस्टा तिथं टंकलेखनाचं काम करायच्या. त्यांचं पद होतं ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’. पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा पगार कमी. १९७७ मध्ये त्यांची नोकरी संपली. त्यांनी समान मोबदला कायद्याखाली फरकाची रक्कम मागितली.

कंपनीनं नेहमीचंच सांगितलं. या बायका बड्या साहेबांच्या खास हाताखाली काम करतात, त्यांची श्रेणी निराळी आहे, त्या श्रेणीत पुरुष नाहीतच, मग भेदभाव कुणाशी तुलना करून मोजणार? शिवाय कामगार संघटनेशी करारही झालेला आहे. शिवाय कंपनीची परिस्थिती बेताची आहे.

२६ मार्च १९८७ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे सगळं बाजूला सारलं. कामाचं नाव बघू नका, प्रत्यक्ष काम बघा. दोघंही शॉर्टहँड घेतात, दोघंही टाइप करतात. बारीकसारीक फरकांवरून काम वेगळं ठरत नाही. त्या जागी फक्त बायका असतील, तर ती व्यवस्था कंपनीनंच केलेली आहे. संघटनेशी केलेला करार कायद्याच्या वर नाही आणि पैसे नाहीत ही सबब या कायद्यात नाही.

ऑड्री डिकोस्टा यांची मूळ मागणी सात हजार रुपयांच्या घरातली होती. तेवढ्यासाठी कंपनी दहा वर्षं, थेट दिल्लीपर्यंत भांडली. कारण प्रश्न सात हजारांचा नव्हता. एका बाईला दिले, तर प्रत्येक ऑफिसातल्या प्रत्येक ‘लेडी’ला द्यावे लागले असते.

हवाई सुंदरी हरल्या आणि स्टेनोग्राफर जिंकली, असं का? मला वाटतं, दोन प्रश्नांचा क्रम. पहिल्या खटल्यात न्यायालयानं आधी विचारलं, पद एकच आहे का? दुसऱ्यात विचारलं, काम एकच आहे का? पदाचा कागद मालकाच्या कपाटात असतो. काम मात्र करणाऱ्याच्या हातात असतं, ते दाखवता येतं. या क्षेत्रातल्या वकिलीची निम्मी मेहनत हीच आहे: न्यायाधीशांची नजर कागदावरून कामाकडं वळवायची.

१९८१ चं साल

हवाई सुंदरींचा निकाल लागला त्याच वर्षी मुंबईत आणखी दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये एसएनडीटी विद्यापीठाच्या पुढाकारानं स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद भरली. या विद्यापीठानं १९७४ मध्येच नीरा देसाई यांच्या नेतृत्वाखाली स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र काढलं होतं. आज ते जुहूच्या आवारात आहे. आणि याच वर्षी इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ सुरू केलं.

कलेक्टिव्ह म्हणजे वकिलांनी एकत्र येऊन अशा लोकांचे खटले लढवायचे, ज्यांना वकील परवडत नाही. जयसिंग तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होत्या. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात, म्हणजे मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, त्यांनी बाजू मांडली. १९८६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना ज्येष्ठ वकील हा दर्जा दिला. हा दर्जा मिळवणाऱ्या तिथल्या त्या पहिल्या स्त्री वकील. २००९ मध्ये त्या देशाच्या पहिल्या स्त्री अतिरिक्त सॉलिसिटर जनरल झाल्या. मुंबईच्या मोठ्या उच्च न्यायालयाला एका बाईला ज्येष्ठ म्हणायला १९८६ साल लागलं, हा नोकरीतल्या भेदभावाच्या इतिहासाचाच एक भाग आहे. दुसऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी भांडणारी बाई स्वतःही एका बंद दारातून आत आलेली होती.

कलेक्टिव्हचा एक खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ म्हणतात. एमएक्स हा एका सरकारी महामंडळात हंगामी मजूर होता. कायम करायच्या वेळी वैद्यकीय तपासणी झाली. तो काम करायला सगळ्या दृष्टीनं तंदुरुस्त होता, पण एचआयव्हीबाधित निघाला. महामंडळानं त्याचं नाव यादीतून उडवलं. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. एड्सचं नाव काढलं तरी लोक दार लावून घेत.

त्याच्यापुढं पेच असा होता, की कोर्टात जायचं तर नाव जाहीर होणार. नोकरी मिळालीही असती, पण चाळीत राहणं अशक्य झालं असतं. वकिलांनी आधी नावाचा प्रश्न सोडवला. मुंबई उच्च न्यायालयानं त्याला खरं नाव न वापरता खटला लढवायची परवानगी दिली. महामंडळाचं नावही झाकलं. म्हणून एमएक्स आणि झेडवाय. १९९७ मध्ये न्यायमूर्ती टिपणीस यांच्या खंडपीठानं निकाल दिला: काम करायला सक्षम असलेल्या आणि कामाच्या जागी इतरांना धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळं नोकरी नाकारता येणार नाही. बुडालेल्या दिवसांसाठी ४०,००० रुपयेही द्यायला लावले.

इथंही महामंडळाचा बचाव तोच होता, पद नाही तर माणूस वेगळा आहे, एवढाच बदल. आणि उत्तरही तेच: हा माणूस काम करू शकतो का, एवढंच बघा. असाच विचार पुढं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आला, आणि तो कायदा खासगी मालकांनाही लागू झाला.

पुन्हा विमानात

हवाई सुंदरींनी हरल्यावर कोर्ट सोडलं नाही. १९८९ मध्ये सरकारनं निर्देश दिले आणि त्यांना ५८ पर्यंत नोकरी मिळाली, पण विमानात नाही. ठरावीक वयानंतर त्यांनी जमिनीवरचं काम करायचं. ही मर्यादा पुढं ५० वर आली. पुरुष ५८ पर्यंत उडत राहणार. उड्डाणाचे भत्ते, परदेशातले मुक्काम, सगळं उडण्याशी जोडलेलं; जमिनीवर आलं की ते गेलं.

यशस्विनी मर्चंट आणि इतर हवाई सुंदरी मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. पदं वेगळी आहेत, १९८१ मध्येच हे ठरलेलं आहे, असं पुन्हा म्हटलं गेलं.

या खटल्यात एक अवघड गोष्ट होती, ती लपवण्यात अर्थ नाही. उच्च न्यायालयाच्या निकालाविरुद्ध अपील करणाऱ्यांत केबिन क्रूची संघटनाच होती, आणि तिच्या सभासदांत हवाई सुंदरीही होत्या. त्यांतल्या अनेकींना पन्नाशीनंतर रात्री-अपरात्रीची उड्डाणं नको होती. ज्यांना उडायचं होतं त्या, आणि ज्यांना उतरायचं होतं त्या, दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. ‘आम्हाला उतरायचा पर्याय द्या’ आणि ‘आम्हाला उतरायची सक्ती करू नका’ या दोन मागण्या एकत्र नांदू शकल्या असत्या. पण सक्तीचा नियमच सोय म्हणून समोर ठेवला गेला आणि न्यायालयानंही तो सोय म्हणून स्वीकारला.

काटा थोडा हलला तो २००५ नंतर. उड्डाणात केबिनचा प्रमुख, म्हणजे इन-फ्लाइट सुपरवायझर, हे पद तोवर पुरुषांसाठी राखीव होतं. पंचवीस वर्षं अनुभव असलेली बाईही काल लागलेल्या पर्सरची प्रमुख होऊ शकत नव्हती. एअर इंडियानं २००५ मध्ये हे पद स्त्रियांनाही खुलं केलं, तेव्हा पुरुष पर्सर कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयात ते हरले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरले. नर्गेश मिर्झा खटल्याला तोवर तीस वर्षं झाली होती.

मेकअप आणि केस

जुहू-अंधेरीच्या पट्ट्यात विमानाइतकाच सिनेमाचा धंदा मोठा आहे. तिथंही हे वाक्य होतं. हिंदी सिनेमात मेकअप करणारे पुरुष आणि केस विंचरणाऱ्या बायका, अशी वाटणी अनेक दशकं होती. ती कुणी सहज पाडलेली पद्धत नव्हती, नियम होता. मुंबईच्या मेकअप कलाकार आणि हेअर ड्रेसर यांच्या संघटनेत बाईला हेअर ड्रेसरचं कार्ड मिळायचं, मेकअप कलाकाराचं नाही. कार्ड नसेल तर सेटवर काम नाही.

चारू खुराना अमेरिकेत मेकअपचं शिक्षण घेऊन आल्या होत्या. २००९ मध्ये संघटनेनं त्यांना कार्ड नाकारलं. संघटनेनं कारण लेखी दिलेलं आहे, आणि ते प्रामाणिक म्हणावं असं आहे: बायकांना कार्ड दिलं तर पुरुष सभासदांचं काम जाईल. त्यात ‘पद वेगळं’ वगैरे आडपडदा नव्हता. त्यामुळं वाक्यामागचा खरा हिशोब एकदाचा कागदावर आला.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हे नियम रद्द केले आणि याचिकाकर्त्या स्त्रियांना मेकअप कलाकार म्हणून नोंदवून घ्यायला सांगितलं. ही संघटना सरकारी नव्हती. मग संविधानाचा धागा जोडला कुठं? ती कामगार संघटना म्हणून सरकारी दप्तरात नोंदलेली होती. संघटनेचे नियम कायद्याला धरून असायला हवेत, आणि कायद्यात बाई-पुरुष असा फरक नाही. एखाद्या खासगी दारावर संविधान लागू करायला वकिलांना अशी एखादी सरकारी खिटी शोधावी लागते.

दार पुन्हा बंद

१९८१ च्या निकालावर सर्वोच्च न्यायालयानंच २०१८ मध्ये टीका केली. समलिंगी संबंधांना गुन्ह्यातून वगळणाऱ्या नवतेज जोहर निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी ‘केवळ लिंग’ या वाचनाचा समाचार घेतला. बाईपणाला चिकटलेल्या अपेक्षा, लग्न, गरोदरपण, दिसणं, या लिंगापासून वेगळ्या काढताच येत नाहीत, असा त्याचा सारांश. सेटलवाडांनी जे पटवायचा प्रयत्न केला होता, ते ३७ वर्षांनी न्यायालयाच्या स्वतःच्या शब्दांत आलं. २०२१ मध्ये लष्करातल्या स्त्री अधिकाऱ्यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढं गेलं. नियम वरून सगळ्यांना सारखा दिसत असला तरी त्याचा फटका एकाच गटाला बसत असेल तर तोही भेदभाव, हे मान्य झालं.

म्हणजे वाक्य जवळपास मोडलं. पण तोवर दुसरीकडं काय झालं बघा. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया सरकारकडून पुन्हा टाटांकडं गेली. कंपनीच्या केबिन क्रूमधल्या काही कर्मचाऱ्यांनी बढती आणि पगाराबाबत समानतेची कलमं पुढं करून मुंबई उच्च न्यायालयात पूर्वीच रिट याचिका केल्या होत्या. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, एअर इंडिया आता सरकारी नाही, म्हणून तिच्याविरुद्ध रिट चालणार नाही. याचिका केली तेव्हा कंपनी सरकारी होती, सुनावणीला यायला वर्षं लागली आणि मधल्या काळात मालक बदलला. त्यांनी दुसऱ्या योग्य मंचाकडं दाद मागावी, एवढाच मार्ग उरला.

१९५३ मध्ये उघडलेला रस्ता असा बंद झाला. आणि हे फक्त एअर इंडियापुरतं नाही. हा लेख फोनवर वाचणाऱ्या तुमच्यापैकी बहुतेकांची नोकरी खासगी असेल, किंवा असणार आहे. समान पगाराचा कायदा २०१९ च्या वेतन संहितेत आला आहे, बाळंतपणाच्या रजेचा कायदा आहे, अपंगांसाठी, ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी, एचआयव्हीबाधितांसाठी स्वतंत्र कायदे आहेत. पण जात, धर्म, लग्न, मूल असणं, अशा सगळ्या कारणांवरून खासगी नोकरीत होणारा भेदभाव सरसकट बेकायदा ठरवणारा एक कायदा आपल्याकडं अजून नाही. अमेरिकेला तो १९६४ मध्ये मिळाला. आयडा फिलिप्सचं प्रकरण उभं राहिलं ते त्याच्याच जोरावर.

तोवर हाताशी काय आहे? ऑड्री डिकोस्टांनी वापरलं ते. तुमच्या शेजारच्या खुर्चीवरचा माणूस दिवसभर काय करतो आणि तुम्ही काय करता, हे लिहून ठेवा. दोघांच्या पदांची नावं नंतर बघा.